डाव्या हातातलं निशाण

उज्जैन, रविवार, २६ ऑगस्ट १९५६

विनू,

वर काय लिहावं यात दोन कागद फुकट गेले. थोरल्या भावानं आशीर्वाद लिहायचा असतो, पण तो वाचून तू पुढचं वाचणारच नाहीस अशी भीती वाटली. म्हणून नुसतं नाव लिहितोय. तुझा आताचा पत्ता खंडव्याहून इथे बदलून आलेल्या एका मास्तरांनी दिला. कन्याशाळेच्या मोठ्या बाई फार कडक आहेत, म्हणाले. मी म्हटलं, असणारच.

चौदा वर्षांत मी तुला एकच कार्ड टाकलं, माई गेली तेव्हा. तू आली नाहीस. मी तेव्हा रागावलो होतो. आता कोणी कोणावर रागवायचं याचा हिशेब मांडायला नको, त्यात माझं काही खरं नाही.

लिहायचं कारण असं. आपला मध्यभारत आता दोन महिन्यांचा सोबती आहे. एक नोव्हेंबरला तो नव्या मध्यप्रदेशात जाणार, राजधानी भोपाळ, सगळे कागद भोपाळला. म्हणजे तू खंडव्यात आणि मी उज्जैनीत बसल्या बसल्या एकाच राज्यात येणार. आपल्याला दोघांना जे जमलं नाही ते दिल्लीवाल्यांनी करून टाकलं. तर जाण्याआधी इथल्या सत्कार समितीच्या मनात आलंय की बेचाळीसच्या मिरवणुकीत जे होते त्यांना एकेक बिल्ला द्यावा. छातीवर लावायचा, रुपयाएवढा, पितळेचा. त्याचा नमुना करायचं काम माझ्याकडे आलंय. मी प्लास्टरमध्ये ताटाएवढा करायचा, मग मुंबईचा कारखाना त्यावरून यंत्रानं छोटा ठसा पाडणार. काय दाखवायचं ते समितीनं माझ्यावर सोडलं. मिरवणुकीतलं कोणीही चालेल, म्हणाले.

मी बाई घेतली आहे. निशाण घेऊन चाललेली, बाजूनं दिसणारी. उभं राहायला तुझी वहिनी. पंचेचाळिसाव्या वर्षी पदर खोचून, झाडूचा दांडा धरून मंगला तीन दिवस माझ्यासमोर उभी होती आणि दर पाच मिनिटांनी दूध बघायला पळत होती. मी दांडा तिच्या डाव्या हातात दिला. तिनं माझ्याकडे एकदा पाहिलं आणि म्हणाली, "का ते मी नाही विचारत." मीही सांगितलं नाही.

बिल्ले द्यायची यादी छत्तीस नावांची आहे. ती कोतवालीतल्या जुन्या कागदांवरून केली आहे. तुझी मैत्रीण शोभा त्यात आहे, ती समितीवरही आहे. तुझं नाव नाही. ते का नाही हे तुला ठाऊक आहे. त्या वेळी मी जे लिहून दिलं ते तुझ्या भल्यासाठीच होतं, एवढं आज तरी मान.

तब्येतीचं कळव. निदान एक ओळ.

दादा

उज्जैन, ११ सप्टेंबर १९५६

विनू,

तुझं उत्तर नाही. ठीक आहे. मी लिहितो.

काल फ्रीगंजातल्या कचेरीत समितीनं नमुना पाहिला. घरात गणपती बसलेले, मी मोदक खाऊन, टोपी घालून, पंच्यात गुंडाळलेलं प्लास्टर काखेत घेऊन गेलो. काम बरं झालंय, विनू. स्वतःच्या तोंडानं सांगतो कारण दुसरं कोणी सांगणार नाही. उठाव अर्ध्या बोटाचासुद्धा नाही आणि तरी बाई चालतेय असं वाटतं. पदराच्या चुण्या मी कमी ठेवल्या, कारण रुपयाएवढं झाल्यावर त्या बुजतात. मागे गोपाळ मंदिराच्या दरवाज्याची नुसती कमान.

समितीचे चिटणीस व्यासजी म्हणून आहेत, भला माणूस. त्यांनी चष्मा वर-खाली केला आणि म्हणाले, "बहुत सुंदर, मास्टरसाहब। मगर झंडा बाएँ हाथ में?" दुसरे एक गृहस्थ लगेच म्हणाले की हे अशुभ दिसतं, निशाण काय, प्रसाद काय, उजव्याच हातात हवा. आपल्या माईचीच आठवण झाली. तिनं तुझा डावा हात पदराच्या टोकानं बांधून ठेवून तुला जेवायला शिकवलं होतं, आणि तू सोडवून घेऊन पुन्हा डाव्यानंच वरणभात कालवायचीस.

मी काही बोलायच्या आत व्यासजींनीच मला वाट काढून दिली. मागच्या आठवड्यात ते घरी आले होते तेव्हा त्यांनी साचा पाहिला होता, आणि त्यात सगळं उलटं दिसतं हे त्यांच्या ध्यानात राहिलं होतं. म्हणाले, "साँचे में उलट गया होगा, है ना?"

मी "जी हाँ" म्हणालो.

सगळे हसले, चहा आला. आठ दिवसांत हात बदलून आणतो असं मी कबूल केलं. शोभा एकटी हसली नाही. ती प्लास्टरपाशी गेली, बराच वेळ वाकून बघत राहिली, मग चहा न घेता निघून गेली. तिचे केस पुष्कळ पिकले आहेत. तुला माहीत नसेल म्हणून सांगतो, तुरुंगातले सहा महिने काढून आल्यावर तिचं ठरलेलं लग्न मोडलं, मग तिनं केलंच नाही. सिंहपुरीत शिवणवर्ग चालवते.

छोटीशी गोष्ट आहे, हात बदलायचा. एका दिवसाचं काम.

दादा

उज्जैन, १५ सप्टेंबर १९५६

विनू,

मागच्या पत्रात मी तुला फसवायला बघितलं. तू लहानपणी माझ्याबरोबर माती मळलीस, प्लास्टर चाळलंस, तुला फसवता येत नाही हे माहीत असूनही लिहिलं.

शाडूत आकृती करायची, तिच्यावर प्लास्टर ओतून साचा घ्यायचा. साच्यात उजवं ते डावीकडे जातं. मग साबणाचं पाणी लावून साच्यात पुन्हा प्लास्टर ओतायचं आणि वरचा साचा छिन्नीनं फोडून काढायचा. आत निघतं ते जसंच्या तसं. उलट्याचं उलटं केलं की सुलटंच होणार. साचा कधी कुणाचा हात बदलत नाही. हे त्या कचेरीत बसलेल्या कोणालाच ठाऊक नव्हतं, आणि ते ठाऊक नाही याचा मी फायदा घेतला.

घरी मी मंगलालाही तेच सांगितलं, हसत हसत. ती पानं वाढत होती. वाढणं थांबवून म्हणाली, "साचा उलटला? हे कोणाला सांगताय? लग्न झाल्यापासून तुमचं प्लास्टर मी चाळते आहे. एकदम साफ खोटं बोलून आलात, आणि दुसऱ्यांदा."

दुसऱ्यांदा म्हणाली ते मला लागलं. मी म्हटलं, पहिल्यांदा मी विनूला वाचवलं होतं.

"नोकरी वाचवली होती," ती म्हणाली. "वन्संचा हात मी बांधला होता. हळद मी लावली होती. मी घरातच होते ना! चौदा वर्षं मी पण गप्प बसले, म्हणून तुम्हाला वाटतं मी विसरले."

साच्याचा पहिला थर ओतताना त्यात आपण नीळ घालतो. फोडताना छिन्नीखाली निळं दिसलं की समजायचं, आतली आकृती जवळ आली, आता हात हळू. विनू, आता मला निळं दिसतंय. हळू हळू लिहितो.

मिरवणुकीच्या त्या दुपारी तू मनगट सुजवून घरी आलीस. दुसऱ्या दिवशी सकाळी कोतवालीतला जमादार चौकशीला आला. मी दरबारच्या शाळेत ड्रॉइंग मास्तर, आपल्या घरात चार पिढ्या शिंद्यांचं मीठ खाल्लेलं. जमादार ओळखीचा होता, त्यानंच वाक्य सुचवलं आणि मी माझ्या सुबक अक्षरात लिहून दिलं: मेरी बहन विनोदिनी चार दिन से बुखार में है, घर से बाहर नहीं गई। खाली सही. तुझ्यासाठी लिहिलं असं मी स्वतःला सांगत आलो. तुझ्यासाठी असतं तर तुला विचारलं असतं. तू आतल्या खोलीत जागी होतीस. मी दार लावून घेतलं आणि मग लिहिलं. मला शाळेचा फळा दिसत होता आणि त्यापुढे उभा असलेला दुसरा कोणी मास्तर दिसत होता.

तिसऱ्या दिवशी तू स्वतः कोतवालीत गेलीस, निशाण माझ्या हातात होतं म्हणून सांगायला. तिथे त्यांनी तुला माझं अक्षर दाखवलं आणि ताप उतरला का म्हणून हसले. एवढं तू घरी येऊन मला सांगितलंस. त्यानंतर तू माझ्याशी बोलली नाहीस आणि सहाव्या दिवशी घर सोडून गेलीस. बाकीचे तुरुंगात गेले आणि गावात असं झालं की विनोदिनी ऐन वेळी भावाच्या पदराआड लपली. तोच कागद आज यादीतून तुझं नाव खातोय. एक नोव्हेंबरला तो गठ्ठ्यात बांधून भोपाळला जाईल, मग तिथे कोण कोणाला ओळखतो!

मी डाव्या हातात दांडा दिला तेव्हा मनात हेच होतं. तोंडानं सांगायची हिंमत नव्हती, म्हटलं प्लास्टरनं सांगावं. आणि प्लास्टर बोललं तर मीच त्याला खोटं पाडून आलो.

उजव्या हाताचा नमुनाही केला आहे. तो पहिल्यापेक्षा सफाईदार झाला आहे. मला तो बघवत नाही.

दादा

उज्जैन, २० सप्टेंबर १९५६

विनू,

काल शोभाकडे गेलो होतो. मंगला म्हणाली होती, "समितीला नंतर सांगा. आधी जिच्यासमोर खोटं बोललात तिच्याकडे जा." मी दोन वेळा सिंहपुरीच्या तोंडापर्यंत जाऊन पेढे घेऊन परत आलो. तिसऱ्या दिवशी पेढ्यांचा पुडा बघून मंगलाच चप्पल घालायला लागली, तेव्हा मी तोच पुडा घेऊन एकटाच निघालो.

शोभा पोलक्याचं कापड बेतत होती. बसा म्हणाली नाही, मी बसलो. सगळं सांगितलं, जमादारापासून साच्यापर्यंत. ती कात्री चालवत ऐकत होती. तू कोतवालीत आपण होऊन गेली होतीस, असं म्हटलं तेव्हा कात्री थांबली.

"सोडवून घ्यायला नाही?"

"नाही. धरा म्हणून सांगायला."

विनू, यानंतर ती जे बोलली ते मला ठाऊक नव्हतं. तू कधी सांगितलं नाहीस. ती म्हणाली, "आम्ही भिंतीच्या पलीकडे कोठडीतच होतो, दादा. हवालदार लोक हसत होते, विनूचा आवाज येत होता. शब्द नव्हते कळत. मला वाटलं, ही आपली सुटून चालली, भावानं जुगाड केला. मी आतून ओरडले. भगोडी म्हटलं, गद्दार म्हटलं, जे तोंडात आलं ते. तिनं ऐकलं असेल ना?"

तू त्या दिवशी घरी आलीस तेव्हा तुझा चेहरा उतरलेला होता, तो माझ्या कागदामुळे असं मी समजत होतो.

"ती तर आमच्यात यायला आली होती," शोभा म्हणाली, आणि मग तोंडाला ते कापड लावून रडली. मी इतका मोठा माणूस, मी तिथेच पेढ्यांचा पुडा पुढे केला. इतकं मूर्खासारखं मी आयुष्यात काही केलं नसेल.

तिनं मला बाहेर ओट्यावर बसायला सांगितलं. "तुमच्याकडे बघवत नाही आत्ता," असं म्हणाली. मी बसलो. शिवणवर्गाच्या मुली आल्या, मला ओलांडून आत गेल्या, त्यांना तिनं उद्या या म्हणून परत पाठवलं. मग ती बाहेर आली. तोंड धुतलेलं होतं. म्हणाली, "शनिवारी कमिटी आहे. सगळ्यांसमोर बोलाल? माझ्या घरात बोलून मोकळं व्हायचं काम नाही."

मी हो म्हटलं. त्यावर तिनं विचारलं, "पक्कं?" आणि मी पुन्हा हो म्हटलं. माझ्या शब्दाला उज्जैनीत काय भाव आहे ते कळलं.

मला भीती वाटते आहे, विनू. तुला हे लिहायला लाज वाटत नाही, कारण लाजेचं बाकीचं सगळं तुला लिहून झालं आहे. निवृत्तीला चार वर्षं उरली आहेत. मुलं मला वाकून नमस्कार करतात. पण आता नाही सांगितलं तर कधीच सांगायचा नाही मी, मला मी चांगला ओळखतो.

दादा

उज्जैन, २८ सप्टेंबर १९५६

विनू,

शनिवारी समिती झाली. दोन्ही नमुने घेऊन गेलो. आधी उजव्या हाताचा मेजावर ठेवला, सगळे वाहवा म्हणाले. मग खिशातून कागद काढून उभ्यानं वाचला. हिंदीत लिहून नेला होता, नाहीतर ऐन वेळी शब्द गिळले असते. बेचाळीस साली मी कोतवालीत लिहून दिलं ते खोटं होतं, निशाण माझ्या बहिणीच्या हातात होतं, तिला ताप नव्हता, आणि साचा उलटला हेही मी इथे खोटंच बोललो. व्यासजींनी मधेच मला बसायला सांगितलं. मी उभाच राहिलो.

व्यासजी म्हणाले, "मगर मास्टरसाहब, उस काग़ज़ पर तो आपके दस्तख़त हैं।"

"जी। इस पर भी हैं।"

मग त्यांनी चष्मा काढून पुसला आणि यादी टाइप होऊन गेली आहे, साक्षीदार कोण, भोपाळवाले काय म्हणतील, अशा दहा अडचणी सांगितल्या. त्यांचंही खोटं नव्हतं. तेव्हा शोभा उठली. कोपऱ्यात कोणाची तरी छत्री होती ती तिनं डाव्या हातात धरली आणि खोलीत चार पावलं चालून दाखवली. "ऐसे चल रही थी, मेरे ठीक आगे। लाठी इसी कलाई पर पड़ी तो भी झंडे ने हाथ नहीं बदला। मैं गवाह हूँ। सूची टाइप हो गई है तो हाथ से लिख लीजिए।"

व्यासजींनी दौत पुढे ओढली आणि सदतिसावं नाव हातानं लिहिलं. समासात शेरा मारला की चौकशीस अधीन. म्हणजे बिल्ला येईल, नाही येणार, सांगता येत नाही. पण नाव लिहिलं गेलं, मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. डाव्या हाताचा नमुना सोमवारी मुंबईला रवाना झाला. उजव्या हाताचा घरी आणून मी फोडला, आणि मंगलानं तुकडे गोळा करून तुळशीच्या कुंडीखाली टेकू म्हणून लावले.

समारंभात माझं नाव घेणार नाहीत, असं व्यासजी हळूच सांगून गेले. शाळेत दोघांनी माझा नमस्कार घेतला नाही. एका पोरानं फळ्यावर छत्री काढून ठेवली होती. रेघ चांगली होती, मी पुसली नाही. कुठे कुठे काय बोललं जातं ते मंगला मला सांगत नाही, आणि मीही विचारत नाही. रात्री झोप मात्र लागते.

तुझी माफी मागत नाही. मागितली की तुला काहीतरी उत्तर द्यावं लागेल, आणि तुझ्यावर आणखी एक काम मी टाकणार नाही. मला तुझी फार आठवण येते, इतकंच. चौदा वर्षं रोज आली. भाऊबीजेला मंगला पाट मांडायची नाही, मी बाहेर फिरायला निघून जायचो.

हे पत्र पोस्टानं आलेलं नाही हे तुझ्या ध्यानात आलंच असेल. मंगला म्हणाली, शोभासोबत तुम्हीही जा. खंडव्याचं तिकीट काढायला स्टेशनपर्यंत गेलो होतो, आणि तिचं एकच काढून परतलो. तुझ्या आणि तिच्यामध्ये मी इतकी वर्षं उभा होतो, आता तरी बाजूला व्हावं असं वाटलं. शोभा आत येईलच असं नाही. ती म्हणत होती, "चिट्ठी देते आणि दारातूनच बघते, ती बोलली तर बोलली." मी तिला सांगितलं, माझी बहीण अशी नाही. पण ती घाबरलेली आहे, विनू. माझ्याहून जास्त.

तू हे वाचते आहेस तोवर ती बाहेर उभी असेल. बाकीचं पत्र काही महत्त्वाचं नाही. ते ठेव आणि तिला आत घे.

दादा